न झाकलेला खड्डा



१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, म्हणजे असिसीचे संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंतचा काळ, जगभरातील ख्रिस्तसभेत ‘सृष्टीचा काळ’ म्हणून पाळला जातो. दरवर्षी या दिवसांत आम्ही वेदीवरून झाडे, पाणी, पशुपक्षी यांविषयी बोलतो. गेल्या वर्षी असाच उपदेश झाला. मिस्सानंतर सेलूकडचा आपला एक शेतकरी बांधव पायरीवर थांबला आणि म्हणाला, “फादर, वाघ देवाचा, हे पटलं. पण डुकरं कोनाची हायेत ते सांगा.” आम्ही हसलो. तो हसला नाही. आदल्या रात्री त्याच्या शेंगा धरलेल्या सोयाबीनमध्ये रानडुकरांचा कळप शिरला होता.

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. आजचा हा पाठ त्याच प्रश्नावर आहे.

आपल्या जिल्ह्यात बोरचे जंगल आहे. १९७० मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. जाहीर झाला तेव्हा सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प देशात सर्वांत लहान होता. एवढ्याशा जंगलात जन्मलेला वाघ मोठा झाला की स्वतःची जागा शोधायला बाहेर पडणारच, आणि बाहेर म्हणजे आपली कपाशी, आपली तूर, आपले रस्ते. २०१७ साली काय घडले ते पुष्कळांना आठवत असेल. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीकडून पकडलेली एक तरुण वाघीण जुलैत बोरमध्ये सोडण्यात आली. तिच्या हल्ल्यात माणसे दगावली, तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पण तिला बंदुकीने मारले नाही. ऑक्टोबरमध्ये कारंजा (घाडगे) तालुक्यातील सिंदीविहिरी परिसरात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने ती मेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर बोरचा प्रसिद्ध वाघ ‘बाजीराव’ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने गेला.

ज्या तारेने वाघीण मेली, ती तार वाघिणीसाठी लावलेली नसते. ती डुकरासाठी व रोह्यासाठी असते. वाघाचा कोणताही द्वेष न करता वाघ मारता येतो, ही गोष्ट आम्हाला फार अस्वस्थ करते. पापनिवेदनाला येऊन असे पाप कोणी सांगणार नाही, कारण ते पाप आहे असे कोणाला वाटतच नाही.

आता निर्गम ग्रंथाचा एकविसावा अध्याय घरी उघडून पाहा. दहा आज्ञा होऊन गेल्यावर तिथे अगदी साधे, शेजारपाजारचे कायदे येतात. त्यांत एक आहे खड्ड्याचा. कोणी खड्डा खणला व झाकला नाही, आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडून मेले, तर भरपाई खड्डेवाल्याने करायची. त्याच्या मनात काय होते हे तिथे विचारलेले नाही. त्याने झाकले की नाही, एवढेच विचारले आहे. पुढे तेविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याचा नियम येतो. तिच्यात आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे, आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या जनावरांनी. म्हणजे देवाच्या हिशेबात रानातले जनावरही शेताचे एक वाटेकरी आहे. पण नीट पाहा, हा वाटा साऱ्या समाजाने मिळून सोडायचा होता. एकट्या धुऱ्यावरच्या शेतकऱ्याने नव्हे. आज मात्र वाघ वाचवण्याचा आनंद शहराला आणि डुकराचा खर्च शेवटच्या शेताला, अशी वाटणी झाली आहे. पायरीवरच्या प्रश्नात हाच सल होता.

सॉक्रेटिसचे मत असे की, चांगले काय ते ज्याला खरोखर कळले तो वाईट करीत नाही. ॲरिस्टॉटलला ते पटले नाही, आणि संत पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात स्वतःचीच कबुली दिली आहे. कळते, पण वळत नाही. संत थॉमस अक्वायनस सद्‌गुणाला सवय म्हणतात, आणि ती बहुधा कृती पुन्हा पुन्हा करूनच अंगी बाणते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच बजावले की नुसते कायदे आणि माहिती पुरत नाही, सवयी बदलाव्या लागतात. ‘वाघ वाचवा’ हा फलक सगळ्यांनी वाचलेला आहे. आकडा टाकणाऱ्यानेही वाचला आहे.

मग त्याला काय बदलेल? गुब्बियो गावच्या लांडग्याची कथा आपण मुलांना सांगतो. त्यात संत फ्रान्सिस लांडग्याला नुसता दटावत नाहीत. तो हल्ला का करतो ते शोधतात, भूक सापडते, आणि मग करार होतो. लांडग्याने हल्ला थांबवायचा व गावाने त्याला रोज खायला द्यायचे. बदलायचे दोघांनी. आपण चित्रात फक्त लांडग्याचा पंजा संतांच्या हातात पाहतो, गावकऱ्यांनी दारोदार उचललेला खर्च विसरतो.

आपल्याकडचे कारण म्हणजे भीती आणि रात्रीची जागल. त्यावर उपाय आहेत. सौर कुंपण, ज्याला आपण झटका मशीन म्हणतो, त्यात वीज सलग वाहत नाही. साधारण सेकंदाला एकदा, क्षणभर झटका येतो, जनावर दचकून मागे सरते व जिवंत राहते. घरगुती लाईनची वीज मात्र स्नायू आखडून धरते, सुटू देत नाही. त्या तारेने शेतकरी, मजूर, गुरे यांचेही जीव गेले आहेत, आणि तो गुन्हा आहेच. सौर कुंपणाला व्याघ्र प्रकल्पांच्या आसपासच्या गावांत २०१५ पासूनच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदानाची सोय झाली. पण दोन गोष्टी कोणी फारशा सांगत नाही. एक, तारेला गवत-वेली टेकल्या की झटका जमिनीत उतरतो, म्हणून पावसाळ्यात खालचे तण सतत काढत राहावे लागते. मशीन बिघडली म्हणून टाकून दिलेली अनेक कुंपणे खरे तर तणाने मेलेली असतात. दुसरी, एकट्याने कुंपण घातले तर कळप शेजाऱ्याच्या वावरात जातो आणि शेजारी आकडा टाकतो. लागून असलेली शेते मिळूनच हे करायला हवे. नुकसान झाले तर वन खात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा. ‘कोण चकरा मारेल’ म्हणून कितीतरी जण अर्जच करीत नाहीत.

शहरातल्यांनी इथे सुस्कारा टाकू नये. रात्री जंगलपट्ट्यातून गाडी हाकताना वेग कमी करणे आपल्याच पायात आहे. बोर धरणावर सहलीला गेलो की उरलेला भात पिशवीसकट फेकून येतो, तेही आपणच.

म्हणून पुढच्या रविवारी मिस्सानंतर शेतकरी कुटुंबांनी अर्धा तास थांबावे. कोणाची शेते एकमेकांना लागून आहेत ते पाहून कुंपणाचे अर्ज एकत्र लिहू. लिहायला तरुण मंडळी बसतील. अनुदानाबाहेरचा जो हिस्सा उरेल, त्यासाठी ४ ऑक्टोबरपर्यंतच्या रविवारच्या दानातून काही भाग बाजूला ठेवावा, असे आम्ही धर्मग्राम परिषदेपुढे मांडणार आहोत.

आणि एक कबुली. चर्चच्या वावराच्या कोपऱ्यातल्या जुन्या विहिरीचा कठडा दोन पावसाळ्यांपूर्वी ढासळला. विहीर आहे तशीच उघडी आहे. आम्ही रोज तिथून जातो, आणि निर्गमाचा तो अध्याय आम्हाला चांगला ठाऊक आहे. विटा आणि सिमेंट आलेले आहे. शनिवारी सकाळी सात वाजता काम सुरू करू. येताना घमेले आणि फावडे आणावे. चहाची सोय महिला मंडळाने केली आहे.

आपला धर्मगुरू