पुण्याची मंडई रोमन आहे का?

प्रश्न : पुण्याच्या मंडईत मधोमध अष्टकोनी मनोरा आहे. लिबियातल्या रोमन बाजाराच्या फोटोतही तसंच काहीसं दिसलं. इंग्रजांनी ही कल्पना तिकडून उचलली का? (एक वाचक, तळोजा)

उत्तर : साम्य आहे, पण नातं जोडायची घाई नको. मंडईचा तोंडवळा गॉथिक. १८८६ मध्ये ती उघडली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून. तिचे पंख मनोऱ्यापासून चहूकडे फाकतात आणि सगळे रस्ते मधे येऊन मिळतात. रोमन बाजाराची रीत उलटी. बाहेरून भिंत, आत चौक, कडेने ओवऱ्या आणि गाळे, आणि चौकात सुटी उभी वास्तू.

तुम्ही पाहिलेला फोटो बहुधा लेप्टिस माग्नाचा असावा. तिथे अशा दोन वास्तू आहेत, मधे गोल आणि भोवती अष्टकोनी ओवरी. इ.स.पू. ८ मध्ये अन्नोबाल तापापिउस रुफुस या स्थानिक धनिकाने पदरमोड करून हा बाजार बांधला. शिलालेख लॅटिनमध्ये आहे आणि प्युनिक या तिथल्या भाषेतही. गिऱ्हाईक दोन्हीकडचं ना! मला मात्र तिथला मापांचा दगड जास्त आवडतो. त्यावर प्युनिक हात, रोमन फूट आणि इजिप्ती हात अशी तीन मापं शेजारी शेजारी कोरलेली आहेत. कापडवाल्याने आखडतं माप घातलं, तर गिऱ्हाइकाने सरळ दगडापाशी जावं.

चौकातली वास्तू कशासाठी, याचा चांगला पुरावा पाँपेईत आहे. तिथे बारा खांबांचे चौथरे उरलेत आणि गटारात माशांचे खवले सापडले. म्हणजे मासळी इथेच साफ होत असणार. कोळणींच्या बाजारात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मासळी म्हटली की आधी पाणी आणि उतार.

जाता जाता : मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. आज तिला नाव त्यांचंच आहे, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही.

पुणं लांब वाटत असेल तर आधी हेच क्रॉफर्ड मार्केट बघा. तुमच्या जवळच्या पेंधरहून मेट्रोने बेलापूर, तिथून हार्बर लोकलने सीएसएमटी, पुढे चालत. इमारत १८६९ ची, विल्यम एमर्सन यांची. दारावर मान वर करून शेतकऱ्यांची शिल्पं पाहा, ती लॉकवुड किपलिंग यांची.