उष्णतेची कोठी

धान्य एका हंगामात पिकते; पण ते वर्षभर लागते. म्हणून शेतकरी ते कोठीत साठवून ठेवतो. अग्नीचेही तसेच आहे. लाकूड तास-दोन तासांत जळून जाते. ऊब मात्र रात्रंदिवस हवी असते. मग उष्णतेची कोठी कशी बांधावी? उत्तर युरोपातील स्वीडन देशात हा प्रश्न फार पूर्वी उभा राहिला.

स्वीडनमधील हिवाळा मोठा कडक असतो. राजधानी स्टॉकहोम येथे डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. अशा थंडीत घरातील विस्तव विझणे म्हणजे जिवावरचे संकट. पूर्वी तेथे भिंतीलगत उघडी अग्निस्थाने असत. त्यांतील बहुतेक उष्णता धुराड्यावाटे निघून जाई. शेकणाऱ्याचे तोंड भाजे आणि पाठ गारठे! शिवाय लोखंड गाळण्यासाठी लागणारा कोळसाही जंगलांतूनच येई. घर आणि कारखाना, दोघांनाही लाकूड हवे होते. त्यामुळे अठराव्या शतकात त्याची टंचाई भासू लागली.

१७६७ साली शासनाने वास्तुशिल्पी कार्ल योहान क्रोनस्टेट आणि त्यांचे सहकारी फाबियान व्रेदे यांच्यावर कमी लाकडात अधिक ऊब देणारी भट्टी तयार करण्याचे काम सोपविले. त्यांची युक्ती साधी होती. त्यांनी तप्त धुराला सरळ वर जाऊ दिले नाही. भट्टीच्या पोटात विटांचे उभे मार्ग बांधून त्यांनी त्याला वरखाली फिरविले. जाता जाता धूर आपली उष्णता विटांना देई. जाळ थोडा वेळच करावा लागे. निखारे पुरते विझल्यावर धुराड्याची झडप लावली, की विटा कित्येक तास ऊब देत. मात्र येथे घाई घातक ठरे. निखारे धुमसत असताना झडप लावली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात पसरे. त्याला ना रंग, ना वास! झोपलेली माणसे झोपेतच दगावत.

आज तेथील अनेक घरांत विटांचे काम पाणी करते. आपल्याकडील तांब्याच्या बंबात मधल्या नळीतील जाळाने भोवतीचे पाणी तापते. तेथील बॉयलरमध्येही जाळाने पाणी तापते. हे पाणी पंपाने एका मोठ्या पोलादी टाकीत नेतात. टाकीला उष्णता अडविणारे जाड आवरण असते. ऊन पाणी हलके असल्यामुळे वर राहते आणि थंड पाणी तळाशी राहते. वरचे ऊन पाणी नळांतून खोल्याखोल्यांत फिरते आणि निवून परत येते.

अशी कोठी किती भरते, ते पाहा. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. टाकीतील १,५०० लिटर पाणी ४० अंशांपासून ९० अंशांपर्यंत तापले, तर त्यात ७५,००० किलोकॅलरी उष्णता साठते. चांगल्या बॉयलरमध्ये त्यासाठी सुमारे २५ ते ३० किलो वाळलेले लाकूड पुरते.

जाळ मंद ठेवला म्हणजे लाकूड वाचते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः हवा कोंडलेल्या जाळात लाकडातील वायू पुरते जळत नाहीत. त्यांचा धूर होतो आणि डांबर धुराड्यात साचते. त्याने पेट घेतल्यास घरालाही आग लागू शकते. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातील पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. म्हणून जाणते लोक लाकूड आधीच फोडून उन्हाळाभर वाळवितात, भरपूर हवा देऊन ते जोमाने जाळतात आणि निर्माण झालेली उष्णता जपून वापरतात.

कोठीत आलेला दाणा जो सांडू देत नाही, त्याला दुष्काळाचे भय कमी. अग्नीलाही हाच नियम लागू आहे.

स्वाध्याय

१. अठराव्या शतकात स्वीडनमध्ये लाकडाची टंचाई का भासू लागली?
२. कारणे द्या : (अ) निखारे विझण्यापूर्वी झडप लावू नये. (आ) लाकूड वाळवून जाळावे.
३. १,००० लिटर पाणी ३० अंशांपासून ८० अंशांपर्यंत तापले, तर किती उष्णता साठेल?
४. वाक्यांत उपयोग करा : जिवावरचे संकट, टंचाई भासणे, दगावणे.
५. घरातील उष्णता कोठे वाया जाते, ते पाहून दहा ओळी लिहा.