बिनपाण्याची मुतारी : पाणी वाचते, पण सांभाळतो कोण?

ऑफिस, बँक, मॉल, मंगल कार्यालय, कोचिंग क्लासची इमारत. कुठेही जा, मुतारी कुठे आहे हे विचारावे लागत नाही, नाकच रस्ता दाखवते. वास आला की आपला समज ठरलेला असतो : पाणी कमी पडते आहे, आणखी ओता. गेल्या काही वर्षांत मात्र अनेक मोठ्या इमारतींत ‘वॉटरलेस युरिनल’, म्हणजे बिनपाण्याच्या मुताऱ्या बसू लागल्या आहेत. आपल्या वाचकांपैकी कोणी अशा इमारतींत नोकरी करतात, कोणी तिथे सफाईचे काम करतात, कोणी संस्थेच्या किंवा सोसायटीच्या समितीवर आहेत. विषय तिघांच्याही कामाचा आहे, पण सर्वांत जास्त सफाई करणाऱ्याच्या.

आधी वासाचे कारण समजून घेऊ. निरोगी माणसाच्या ताज्या लघवीला फारसा वास नसतो. लघवीत युरिया असतो. ओल्या जागी वाढणारे जंतू तो फोडतात आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. डोळ्यांना झोंबतो आणि घशात खवखवतो तो हाच. भांड्याखालच्या वळणात लघवी आणि पाणी मिसळून साचून राहिले, फरशीच्या सांध्यांत मुरले, की जंतूंचे फावते. त्यात बऱ्याच ठिकाणी पाणी बोअरचे, म्हणजे जड. त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लघवीतल्या फॉस्फेटशी मिळून पाइपात दगडासारखा पिवळट थर धरतो. मग कितीही बादल्या ओता, तासाभरात वास पुन्हा हजर. पाणी हा वासाचा इलाज आहे खरा, पण अर्धाच.

बिनपाण्याच्या मुतारीत फ्लश नसतो, नळ नसतो, दाबायचे बटणही नसते. भांड्याचा उतार आणि गुळगुळीतपणा असा असतो की लघवी थांबत नाही, खाली घरंगळते. खाली एक अडसर बसवलेला असतो. त्याचे काम एवढेच : लघवी खाली जाऊ द्यायची, पाइपातला वायू वर येऊ द्यायचा नाही. काही अडसरांत तेलासारखा द्रव असतो. तो लघवीपेक्षा हलका असल्याने वर तरंगतो, लघवी त्यातून खाली उतरते आणि वर द्रवाचे झाकण कायम राहते. काहींत रबराची किंवा सिलिकॉनची चपटी नळी असते. लघवीच्या वजनाने ती उघडते आणि मग आपोआप मिटते. दिल्लीच्या आयआयटीत या विषयावर बरेच काम झाले आहे. नेहमीच्या चिनी मातीच्या भांड्यातच बसवता येतील असे अडसर आता आपल्या देशात बनतात, त्यामुळे प्रत्येक वेळी भांडे बदलावेच लागते असे नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. समजा, एका इमारतीत १०० पुरुष काम करतात. प्रत्येक जण दिवसातून ३ वेळा जातो आणि प्रत्येक वेळी ३ लिटर पाणी सुटते. दिवसाला ९०० लिटर झाले. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २ लाख ७० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे २७ टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. ज्या मुलखात पाणी आगगाडीने येते, तिथे वापरण्याजोगे पाणी मुतारीत सोडणे परवडणारे नाही. शिवाय हे पाणी वरच्या टाकीत चढवायला वीज लागते आणि तेवढेच सांडपाणी पुढे वाढते. मात्र पैशाची बचत सगळीकडे सारखी होत नाही. टँकर विकत घेणाऱ्या इमारतीला फरक लगेच कळेल. नगरपालिकेचे स्वस्त पाणी मिळणाऱ्या इमारतीत वाचलेल्या पाण्याची किंमत अडसर बदलण्याच्या खर्चात निघून जाऊ शकते. विकणारा हे सहसा सांगत नाही.

बसवताना पाइप पाहा

अशा मुताऱ्या फसतात त्या बहुतेक वेळा भांड्यामुळे नव्हे, भिंतीमागच्या पाइपामुळे. पाणी न मिसळलेली लघवी धातूला खाते. अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या सिटी हॉलमध्ये बिनपाण्याच्या मुताऱ्या बसवल्या होत्या, त्या २०१० च्या सुमारास काढून टाकायची वेळ आली. तिथले पाइप तांब्याचे होते. आपल्याकडे तांबे क्वचितच असते, पण जुन्या इमारतींत लोखंडी पाइप असतात. ते बदलून पीव्हीसीचे घालावेत, निदान मुतारीपासून मुख्य लाइनपर्यंत तरी.

पाइपाला उतार हवा. ५० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर एवढा उतार मेस्त्रीकडून लेव्हल लावून तपासून घ्यावा, नजरेच्या अंदाजावर सोडू नये. काटकोनी वळणे जितकी कमी तितके चांगले. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी भांड्याखालचा पाइप फरशीतल्या उघड्या नालीत सोडून दिलेला असतो. बिनपाण्याच्या मुतारीत हे मुळीच चालत नाही. वर अडसर लावून खाली नाली उघडी ठेवणे म्हणजे दार लावून खिडकी सताड उघडी टाकणे. पाइप थेट बंद लाइनीला जोडावा आणि लाइनीला हवेचा पाइप छपरापर्यंत न्यावा.

जुन्या मुतारीत नवा अडसर बसवायचा असेल तर आधी लाइन पूर्ण साफ करून घ्या. आत थर साचलेला असेल आणि त्यावरून नुसती लघवी वाहू लागली, तर काही महिन्यांतच लाइन तुंबते. जमल्यास हात धुण्याच्या बेसिनचे पाणी त्याच लाइनीत वरच्या टोकाला सोडावे. लोक हात धुतील तसतसा पाइप धुतला जाईल. जास्तीचे पाणी खर्च न करता मिळणारी ही सर्वांत चांगली धुलाई आहे, आणि लोकांनी हात धुवावेत हे तर आम्ही या पानावरून नेहमीच सांगतो.

ॲसिड, ब्लीचिंग आणि डांबर गोळ्या

आता मुख्य गोष्ट. नेहमीच्या मुतारीचा वास मारायला तीन वस्तू वापरल्या जातात आणि तिन्ही सफाई करणाऱ्याच्या छातीवर बसतात.

थर काढायला ॲसिड टाकतात. त्याच्या वाफेने नाक, घसा आणि डोळे जळतात, अंगावर उडाले तर कातडी भाजते. त्यावर पांढरेपणासाठी ब्लीचिंग पावडर टाकली, की ॲसिड आणि ब्लीचिंग मिळून क्लोरीन वायू सुटतो. ॲसिड नसले तरी धोका टळत नाही, कारण साचलेल्या लघवीतल्या अमोनियाबरोबर ब्लीचिंग मिसळून क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात. बंद, बिनखिडकीच्या खोलीत वाकून घासणाऱ्या माणसाच्या नाकाशी हे सगळे घडते. डोळ्यांतून पाणी, खोकल्याची उबळ, छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची लक्षणे. दम्याच्या माणसाला तर ते जिवावर बेतू शकते. असे झाले तर काम तिथेच टाकून मोकळ्या हवेत यावे, डोळे वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावेत आणि दम लागत असेल तर घरी न जाता थेट दवाखाना गाठावा. ॲसिडने भाजलेल्या जागी हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. फक्त भरपूर वाहते पाणी.

तिसरी वस्तू डांबर गोळ्या. त्या वास घालवत नाहीत, आपला वास त्यावर चढवतात. काही गोळ्या नॅप्थलीनच्या असतात. ज्यांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी हे द्रव्य कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटू शकतात. लहान मुलाने गोळी गिळली तर विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

बिनपाण्याच्या मुतारीत या तिन्ही वस्तूंची गरज नाही, उलट त्यांना मनाई आहे. ॲसिडने रबर कडक होऊन फुटते आणि जोरदार रसायनाने किंवा बादलीभर पाण्याने तरंगता द्रव वाहून जातो. आमच्या मते पाण्याच्या बचतीइतकाच, कदाचित त्याहून मोठा फायदा हा आहे. जाहिरातीत तो सापडत नाही, कारण जाहिरात मालकासाठी लिहिलेली असते.

मग काम कोणाचे?

‘देखभाल लागत नाही’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. काम कमी होते, संपत नाही. भांडे रोज सौम्य साबणाचा फवारा मारून ओल्या फडक्याने पुसावे लागते. अडसरावरचे केस, कागद काढावे लागतात. आणि विदर्भात खर्रा, इतरत्र गुटखा. त्याची एक पिंक अडसराचे तोंड बंद करायला पुरेशी असते. काही हजार वापरानंतर द्रव भरावा लागतो किंवा अडसर बदलावा लागतो. तो काढल्यावर लाइनीत एक-दोन बादल्या पाणी सोडून मग नवा बसवावा.

जुना अडसर काढणे हे घाणीचे काम आहे, कारण आत लघवी आणि गाळ असतो. त्यासाठी मनगटाच्या वरपर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, जाड पिशवी आणि नंतर साबण-पाणी हवेच. हे सगळे कोण देणार? इमारतीचा मालक एकदा भांडी विकत घेतो, फोटो काढतो, ‘हरित इमारत’ म्हणून पाटी लावतो. पुढच्या वर्षाच्या खर्चात अडसराचे पैसे धरलेले नसतात. कंत्राटदार म्हणतो, हे माझ्या करारात नाही. वास सुटतो आणि दोष येतो कंत्राटी सफाई कामगारावर. तो बिचारा ॲसिडची बाटली आणतो, रबर जाते, वास दुप्पट होतो. शेवटी लाइन तुंबली की त्यालाच चेंबर उघडून हात घालायला सांगतात. हातमोजे आणि साधने न देता हे काम कोणालाही सांगू नये. गटारात किंवा सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे तर २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून समितीच्या बैठकीत हा विषय आला तर दराआधी हे विचारा : एका भांड्याला वर्षभरात किती अडसर लागतील, ते आपल्या गावात मिळतात का, त्यांचे पैसे कोणत्या खात्यातून जाणार, आणि सफाई करणाऱ्यांना शिकवणार कोण? सफाई कामगारांपैकी एकाला त्या बैठकीला बोलवा. कुठला पाइप वारंवार तुंबतो हे त्याला आर्किटेक्टपेक्षा जास्त ठाऊक असते.

आणखी एक. मुतारी पुरुषांचीच असते. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ची मोहीम उभी राहिली ती याच कारणाने : पुरुषांना लघवीला पैसे पडत नाहीत, स्त्रियांना पडतात. पुष्कळ इमारतींत स्त्रियांच्या शौचालयात दुपारनंतर पाणी नसते, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवीच्या जळजळीने आजारी पडतात. पुरुषांच्या बाजूला वाचलेले ९०० लिटर आधी तिकडे वळवावे.

सगळी भांडी एकदम बदलू नका. एका मजल्यावर दोन बसवा, तीन महिने चालवा, दर आठवड्याला सफाई करणाऱ्याला विचारून वहीत नोंद ठेवा. वर भिंतीवर ‘पाणी ओतू नये, थुंकू नये’ एवढे मराठीत आणि हिंदीत लिहा. मध्येच वास आला तर आधी अडसर तपासा, मग त्याखालचा सांधा, मग लाइन. ॲसिडची बाटली त्या खोलीत ठेवूच नका.