म्युझियममध्ये आपला जिल्हा शोधा

पालकहो, सुट्टी लागली की आपल्या पालघर-बोईसरच्या घराघरांत एक बेत शिजतो: यंदा मुलांना मुंबई दाखवायची. पहाटेची डहाणू लोकल, डब्यात चपाती-भाजी आणि हातात भलीमोठी यादी. राणीची बाग, म्युझियम, गेटवे, मरीन ड्राइव्ह, जमलंच तर तारांगण. जाऊन-येऊन चार-पाच तास गाडीतच जातात. उरलेल्या वेळात हे सगळं कोंबायचं म्हटल्यावर मुलाच्या कानावर दिवसभर एकच शब्द पडतो, "चल, चल!" रात्री घरी आल्यावर काय पाहिलंस म्हणून विचारा. आइस्क्रीम आठवतं, गर्दी आठवते. यात पोरांचा काही दोष नाही.

म्हणून मनापासून सांगते, एका खेपेला एकच ठिकाण घ्या. आणि तिथे गेल्यावर मुलांना आपला पालघर जिल्हा शोधायला लावा. मुंबईच्या म्युझियममध्ये आपण कुठून आलो, असं वाटेल. पण आहोत, आणि चांगले ठळक आहोत.

चर्चगेटला उतरून रमतगमत चालत गेलं तरी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठता येतं. जुनी माणसं अजूनही त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच म्हणतात. १९०५ साली पायाभरणी झाली, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे १९१४ मध्ये इमारत उभी राहिली आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. मग त्या घुमटाखाली मूर्तींच्या आधी जखमी सैनिकांच्या खाटा आल्या. लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ मध्ये.

इथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा आहे. तो सापडला नालासोपाऱ्याजवळ, म्हणजे आपण लोकलने रोज ज्या स्टेशनावरून पुढे जातो तिथे. सोपारा तेव्हा मोठं बंदर होतं. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा त्याच वर्षी हाती आला आणि नवव्या लेखाचा १९५६ मध्ये. हा नववा लेख म्युझियममध्ये बघायला मिळतो.

त्या दगडापुढे दहा मिनिटं थांबा. लिपी ब्राह्मी आहे, अक्षरांवर रेघ नाही. ब्राह्मीतला 'क' म्हणजे थेट गणितातलं अधिकचं चिन्ह. मुलांना म्हणावं, "शोध बघू 'क' कुठे दिसतो का." पाचवीतलं पोर नाक काचेला लावून शोधायला लागतं. मग लेखात काय आहे ते सांगा. लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. त्यांचं फळ थोडंच. खरं मंगल कशात? नोकरचाकरांशी नीट वागण्यात, गुरुजनांचा मान राखण्यात, प्राण्यांना न छळण्यात, दानात. आपल्या तुकड्यावर हा मजकूर पुरा नाही. पण हेच लेख गिरनारच्या खडकावरही कोरलेले आहेत, म्हणून तुटलेल्या ओळी जुळवता येतात. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा राजा आपल्या बाजूच्या माणसांना हे सांगत होता, एवढं मुलांना कळलं तरी तिकिटाचे पैसे वसूल.

दुसरी खेप ग्रँट रोडची. पण तिची सुरुवात पालघरात करा. पाचबत्तीला हुतात्मा स्तंभापाशी मुलांना उभं करा आणि तिथली पाच नावं वाचायला लावा: काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामचंद्र भीमाशंकर तिवारी, सुकुर गोविंद मोरे. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, त्यात ही माणसं गेली. मग ग्रँट रोडला उतरून गवालिया टँकवर, म्हणजे आजच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर जा. ८ ऑगस्टला 'छोडो भारत'चा ठराव इथे झाला. तिथून गावदेवीचं मणिभवन जवळच आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. त्यांची खोली आहे, चरखा आहे, त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांचे छोटे देखावे आहेत. मैदानावरच्या ठरावापासून पाचबत्तीच्या गोळीबारापर्यंत सहा दिवस. मुलांना बोटावर मोजू द्या. इतिहासाच्या पुस्तकातली मुंबई तिथे आपल्या बाजारपेठेला येऊन भिडते.

तिसरी खेप काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीची. आत जायला पैसे पडत नाहीत. याच इमारतीत पूर्वी केमोल्ड गॅलरी होती. १९७५ मध्ये तिथे आपल्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं लागली. लग्नघरात सवासिनींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, अशी ती कला. म्हसे यांनी ती कागदावर आणली. १९८९ मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या प्रदर्शनात होती, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांच्या वर्गात वारली मुलं असतात. त्यांच्या पाड्यावरची रेघ कुठवर गेली, हे दोघांनाही कळायला हवं.

घरात अगदी लहान मूल असेल तर भायखळ्याला जा. राणीच्या बागेला लागूनच १८७२ चं भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथली मातीची छोटी छोटी माणसं आणि बाहेर उभा असलेला घारापुरीचा दगडी हत्ती लहानांना आवडतो. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, हे लक्षात ठेवा. कुठेही निघण्याआधी एक फोन करून चौकशी करावी, कारण दुरुस्तीसाठी दालनं बंद असू शकतात. आणि लोकलला स्वच्छतागृह नसतं, तेव्हा पोरांना निघताना आणि परतताना आठवणीने जाऊन यायला सांगा.

पुष्कळ आयाबाबा म्हणतात, "आम्हालाच त्यातलं काही कळत नाही, मुलांना काय सांगणार?" सांगू नका. पाटी मोठ्याने वाचून दाखवू नका, परीक्षा घेऊ नका, दर मूर्तीपुढे उभं करून फोटो काढू नका. मूल जिथे रेंगाळेल तिथे थांबा. त्याने काही विचारलं आणि उत्तर येत नसेल तर "चल, त्या काकांना विचारू" म्हणा. आई विचारते, बाबा विचारतात, हे मुलांनी बघणं फार मोलाचं. दीड-दोन तास पुरे. मग बाहेर सावलीत बसून डबा खा, समुद्र बघा आणि गर्दीच्या आधी परतीची गाडी पकडा. एमआयडीसीत नाईट करून आलेल्या बाबांनाही एवढा दिवस झेपतो.

हे जमलं, की चौथी खेप मुंबईची नकोच. नालासोपाऱ्याला उतरा, रिक्षा करा आणि बुरुड राजाचा कोट विचारा. तिथला स्तूप मुलांनाच तुम्हाला दाखवू द्या.