यानाची वीज आणि होकायंत्राची सूची

मी कलाशाखेचा पदवीधर. विज्ञानाच्या प्रांतात माझा वावर पाहुण्यासारखाच. तथापि ग्वाल्हेरच्या आमच्या शाळेत पाहिलेल्या एका लहानशा प्रयोगाने मला पार अवकाशापर्यंत नेले.

होकायंत्रावरून एक तार उत्तर-दक्षिण नेली व तिला टॉर्चचा सेल आणि दिवा जोडला. दिवा लागताच सूची वळली. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते, हे ओर्स्टेडने १८२० साली दाखविले, ते हेच. मग जाणारा व परत येणारा असे तारेचे दोन्ही पदर एकमेकांना पीळ घालून ठेवले. दिवा जळतच होता. पण सूची ढळेना!

या सूचीपायीच एकदा मुंबई सोडावी लागली होती. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत म्हणून डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा सुरू झाली. जुन्यानव्या नोंदींचा मेळ बसावा यासाठी सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालली. ट्राम धावली ती १९०७ मध्ये! आम्हां कोकणी माणसांना अलिबागचा अभिमान असतोच. पण मला कौतुक वाटते ते या दोन वर्षांच्या चिकाटीचे.

ट्रामपासून दूर जाता येते. यान स्वतःच्या विजेपासून कोठे जाणार? पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे ४०,००० नॅनोटेस्लांहून अधिक, तर आपले ‘आदित्य-एल१’ १५ लाख किलोमीटरांवर जे क्षेत्र मोजते, ते बहुधा अवघे काही नॅनोटेस्ला. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या या यानाने ११ जानेवारी २०२४ रोजी ६ मीटर लांबीचा दांडा उलगडला. त्यावर ३ व ६ मीटर अंतरांवर एकेक मापक आहे. बाहेरचे क्षेत्र दोघांना सारखेच जाणवते. यानाचे मात्र जवळच्यास अधिक. त्या फरकावरून यानाचा वाटा वजा करता येतो.

पण दांडा तरी किती लांबवायचा? म्हणून चुंबकीय मोजणी करणाऱ्या यानांचे सौर पॅनेल बांधतानाच काळजी घेतात. सौरघटांच्या ओळीतून जाणारा प्रवाह त्या ओळीच्या बरोबर पाठीमागच्या तारेने परत आणतात. शेजारच्या ओळींत त्याची दिशा उलट ठेवतात. घटांच्या जोडपट्ट्यांना चुंबकीय धातू वर्ज्य. विद्युत्क्षेत्र मोजावयाचे असल्यास आणखी एक व्याधी उद्भवते: घटांवरील काच विद्युत्-रोधक, तीवर भार साचतो. तेव्हा इंडियम व कथील यांच्या ऑक्साइडचा पारदर्शक, वाहक लेप काचेवर देऊन तो यानाच्या सांगाड्याशी जोडतात. लेपापायी थोडा प्रकाश अडतो, तारांचे वजन वाढते. तो तोटा पत्करतात.

आमच्या प्रयोगाचे शेवटचे टोक सांगावयाचे राहिले. एका खट्याळ मुलाने पीळ सोडवून तारेचे पदर बोटभर फाकवले व होकायंत्र एका पदराखाली सरकवले. सूची पुन्हा हलली.