दोन बोटं माया

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, आता वर्षभर गाऊनच." ते मनातून जाईना. बाळाला अंगावर पाजायचं म्हणजे छान राहायचं सोडून द्यायचं, हे तुला कुणी सांगितलं? ओतूरला आईकडे आहेस तोवर सव्वा महिना खुशाल गाऊनमध्ये लोळ. पण मंचरला सासरी जाताना बॅगेत काय भरायचं, ते आज बोलू.

आधी माझं ऐक. थोरल्याच्या वेळी नारायणगावला लग्नाला गेले होते. ब्लाउज मागून हुकाचं, वर डोरी, पदराला चार पिना. अक्षता पडायच्या आतच लेकरू भुकेनं रडायला लागलं. जाऊबाईंनी मला खोलीत नेऊन एकेक हुक काढेपर्यंत पोर रडून लालबुंद आणि माझं ब्लाउज दुधानं ओलं. तेव्हापासून मी एवढंच बघते, कपडा एका हातानं उघडतो का? दुसऱ्या हातावर बाळ असतं गं.

आपल्या आजीची चोळी आठवते? खणाची, पुढे गाठ मारलेली. शेताच्या बांधावर बसायचं, गाठ सोडायची, वरून नऊवारीचा पदर. झालं पाजून. आणि त्या खणाचे रंग काय देखणे असायचे! नटणं आणि पाजणं तिनं कधी वेगळं काढलं नाही.

म्हणून ब्लाउज पुढून हुकाचंच शिव. खालचे दोन-तीन हुक काढले की पुरतं, वरचा गळा झाकलेला राहतो. शिवणाऱ्या ताईंना सांग, दोन्ही बाजूंना आणि दंडात दोन बोटं माया सोडा. या दिवसांत छाती महिन्या-महिन्याला बदलते. आत माया असली की उसवून सैल करता येतं, पुढे पुन्हा दाबूनही घेता येतं. नव्या ब्लाउजचा खर्च वाचतो.

कुर्ती घेताना बटणं पोटापर्यंत उघडतात ना, ते बघून घे. काही कुर्त्यांना बटणं नुसती शोभेला असतात, दुकानातच एक उघडून पाहा. तुझ्याकडच्या ज्या कुर्त्यांना छातीवरून दोन उभ्या शिवणी आहेत, त्या उसवून आत चेन बसवून घे, बाहेरून कुणाला कळणारही नाही. टॉप असेल तर आत सैल गळ्याची सुती स्लिप घाल. पाजताना टॉप वर आणि स्लिप खाली. पोट, पाठ, सगळं झाकलेलं.

रंगाचं म्हणशील, तर गडद किंवा बारीक छापाचं कापड घे. फिक्या, एकरंगी कपड्यावर दुधाचा डाग लगेच दिसतो. आत जुन्या मऊ सुती कापडाची घडी ठेव आणि ओली झाली की लगेच बदल. तारेची, घट्ट ब्रा नको. ती दाबली की दूध साठून गाठ होऊ शकते. गाठ दुखायला लागली, ताप आला, तर अंगावर काढू नकोस, डॉक्टरांकडे जा. गळ्याशी टिकल्या, खडे नकोत, बाळाचा गाल तिथेच घासतो. पदराला पिन तर मुळीच लावू नकोस, कमरेला खोच. थंडीत आपल्याकडे हुडहुडी भरते, तेव्हा डोक्यातून घालायचा स्वेटर नको, पुढून बटणांचा घे.

ओढणी पातळ, सुती असू दे. पण तिनं बाळाचं नाक-तोंड झाकू नकोस. उन्हाळ्यात त्याला गुदमरायला होतं. आडोसा तुझ्या खांद्यावरून पडू दे, बाळाला वारा लागू दे.

आणि घराबाहेर पड गं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. बऱ्याच बसस्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या त्या आईच्या नावाचा. तिथे बसून निवांत पाज. खोली बंद असेल तर कुलूप उघडायला सांग, ती तुझ्यासाठीच बांधली आहे.

बाळाला आधी लेण्याद्रीला घेऊन जा. गिरिजात्मज म्हणजे गिरिजेचा लेक, आईच्या नावानं ओळखला जाणारा आपला गणपती. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत, मध्येच बाळाला भूक लागणारच. सावलीला बस, हुक काढ, पदर घे आणि पाज. लाजायचं काही कारण नाही.

तुझी ती अंजिरी इरकल अजून कपाटात घडी मोडल्याशिवाय पडली आहे ना? तिचं ब्लाउज या आठवड्यातच शिवायला टाक. पुढून हुक, दोन बोटं माया. लेण्याद्रीला तीच नेसून जा.