सूक्ष्मनियंत्रक आणि शेतातील पंप

भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. माजी मालगुजारी तलावाचे दार उघडणारा माणूस पाणी ढकलीत नाही. तो केवळ दार उचलतो. बांधीपर्यंत पोहोचण्याचे बळ पाण्याचे स्वतःचे असते. तळहाताएवढ्या इलेक्ट्रॉनिक मंडलाकडून मोठा पंप चालवून घेण्याचे तंत्र नेमके असेच आहे.

नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळाशाळांतून अटल टिंकरिंग लॅब उभारण्यात आल्या. आर्डुइनोसारखी सूक्ष्मनियंत्रकाची मंडले त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती आली. बांधीतील पाणी मोजून पंप आपोआप चालू-बंद करावा, ही कल्पना धानाच्या मुलखात कोणासही सुचेल. कृषिपंपांना वीज पाळीपाळीने, पुष्कळदा रात्री मिळत आल्यामुळे तिची निकड शेतकऱ्यास वेगळी सांगावी लागत नाही.

अडचण आकड्यांत आहे. आर्डुइनो उनोच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअर प्रवाह घेणे उचित मानले जाते. ४० ही कमाल सहनमर्यादा होय. पाच अश्वशक्तीचा त्रिकला पंप मात्र सात ते आठ अँपिअर, म्हणजे साडेतीनशे पटींहून अधिक प्रवाह घेतो आणि सुरू होताना त्याच्याही पाच-सहा पट. पंप तर दूरच, पाच व्होल्टच्या लहान रिलेचे वेटोळेही सुमारे ७० मिलिअँपिअर मागते. ते थेट पिनेला जोडल्यास मंडल निकामी होऊ शकते.

म्हणून हुकूम पायरीपायरीने चढवावा लागतो. पिनेतून एक किलोओहमच्या रोधकामार्गे काही मिलिअँपिअर ट्रान्झिस्टरच्या बेसला द्यावेत. ट्रान्झिस्टर रिले ओढतो, रिले स्टार्टरमधील कॉन्टॅक्टर ओढते आणि कॉन्टॅक्टर पंपाची वीज जोडतो. रिले सुटताना तिच्या वेटोळ्यात उलट दाब उसळतो व ट्रान्झिस्टर जाळतो. यासाठी वेटोळ्याशी समांतर, उलट दिशेने डायोड बसवितात. काही पैशांचा हा भाग वगळला, की पहिल्या दिवशी चाललेला प्रयोग चौथ्या दिवशी का बंद पडला हे कोणास उमगत नाही.

बाजारातील रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट असे छापलेले असते. पंप आठच अँपिअर घेतो, मग कॉन्टॅक्टर कशाला, असा मोह येथेच होतो. परंतु तो आकडा निव्वळ रोधक स्वरूपाच्या साध्या भाराचा असतो. मोटारीच्या आरंभीच्या प्रवाहाने रिलेचे संपर्कबिंदू चिकटतात आणि हुकूम मागे घेतला तरी पंप थांबत नाही. शिवाय त्रिकला स्टार्टरचे वेटोळे पुष्कळदा ४१५ व्होल्टचे असते. ते २५० व्होल्टच्या रिलेने जोडू नये. स्टार्टरमधील ओव्हरलोडचा संपर्क तर कोणत्याही कारणाने वगळता कामा नये.

सर्वांत मोठा धोका वीज परत येण्याच्या क्षणी असतो. मंडल जागे होईपर्यंत त्याच्या पिना अधांतरी असतात. ट्रान्झिस्टरच्या बेसपासून ऋण टोकास दहा किलोओहमचा रोधक जोडल्यास रिले आपोआप ओढली जात नाही. पंपाशी कोणी दुरुस्ती करीत असेल, तर या रोधकावर त्याचा जीव अवलंबून असतो. अर्थात दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करणे याने टळत नाही.

शाळेत हा पाठ १२ व्होल्टच्या बॅटरीवर व लहान पंपावर पुरता शिकविता येतो. शेतातील जोडणी परवानाधारक वीजतंत्र्याने करावी आणि त्याच्यादेखत मुख्य वीज तीन-चार वेळा घालवून-आणून पंप स्वस्थ राहतो की नाही, हे पाहून घ्यावे.